साडूच्या पेशी

बिरुदेव लवट्यांचा हात सैल पडू लागला, तेव्हा सांगोल्याच्या बाजारात त्यांचा भाव वाढला.

ही गोष्ट अजून घडायची आहे. पंधरा-वीस वर्षं पुढची धरा. तोवर जनावरांच्या बाजारात बरंच काही आलं होतं. प्रत्येक खोंडाच्या कानात बिल्ला होता. त्यावर फोन धरला की खोंडाची पणज्यापर्यंतची वंशावळ घडाघडा ऐकू यायची. मालकाला स्वतःची आठवत नसे, ती गोष्ट वेगळी. फाटकावरच्या मोठ्या पडद्यावर भाव झळकायचे. पण खरा सौदा अजूनही टॉवेलाखालीच व्हायचा. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणाऱ्याचा दलाल समोरासमोर उभे राहायचे, दोघांच्या हातांवर टॉवेल पडायचा आणि बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, तेवढं तोंडानं सांगायचं. पुढं तोंड बंद. पडद्यावरचा भाव जगाला दिसतो, टॉवेलाखालचा दोघांनाच. सगळ्यांचं सगळं सगळ्यांना दिसायच्या त्या दिवसांत झाकायला एक टॉवेल मिळणं ही चैनच म्हणायची.

या धंद्याचा कायदा एकच. टॉवेलाखाली जे झालं, ते बाहेर बोलायचं नाही. बोट थरथरलं की थबकलं, सगळं तिथंच गाडायचं.

आता विकणाऱ्याच्या दलालानं हात सैल दिला, तर त्याचा अर्थ असा, की ‘घ्यायचं तर घ्या, आम्हाला घाई न्हाय.’ एका दिवाळीनंतर बिरुदेवांचा उजवा हात असा काही सैल पडू लागला, की समोरचे दलाल धास्तावून आपणच आकडा वाढवायचे. “लवटे आता खरे मुरले,” असं लोक म्हणू लागले. आटपाडी-जतकडून खिलार खोंडांचे मालक त्यांना शोधत यायला लागले. खरं काय ते एकट्या बिरुदेवांना ठाऊक होतं. ते हात सैल देत नव्हते. दाबत होते. दाबला जात नव्हता.

पण ज्या दुखण्यानं आपली किंमत वाढते, त्या दुखण्याची तक्रार कोण करतं?

ते पकडलं सुखदेव आलदरांनी. सुखदेव म्हणजे बिरुदेवांचे साडू. बिरुदेवांची बायको शालन आणि सुखदेवांची नंदा या सख्ख्या बहिणी. दोघींचं फोनवर रोज बोलणं, आणि दोघा साडूंचा मात्र चौदा वर्षं एकमेकांशी अबोला. कारण जुनं होतं आणि साधंही. एका खोंडाच्या सौद्यात बिरुदेवांनी टॉवेलाखाली दिलेला आकडा सुखदेवांनी तिसऱ्याच गिऱ्हाइकाच्या कानात सांगितला आणि सौदा आपल्याकडे वळवला. दलाल एकमेकांना काय काय माफ करतात, त्याची मोजदाद नाही. पण हे माफ करत नाहीत. बिरुदेवांनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. धंदा टाकला नाही. रविवारी टॉवेल पडला की दोघांची बोटं बोलायची, टॉवेल उचलला की तोंडं दोन दिशांना. नंदा म्हणायची, “आक्का, संसार ह्या दोघांचा चाललाय. आपण नुसत्या चुली सांभाळतोय.”

सुखदेव हा माणूस फुकटचं सोडत नसे आणि केलेलं कुणाला विसरू देत नसे. पण हात ओळखायचा. एका रविवारी बिरुदेवांचा पंजा त्यांच्या पंजात आला, आणि अंगठ्याच्या बुडाशी जिथं मांसाचा उंचवटा असतो तिथं त्यांना खड्डा लागला. कातडीखाली काहीतरी आपोआप लवलवत होतं. सुखदेवांनी समोरच्याचा आकडा घासाघीस न करता मान्य केला. उभ्या आयुष्यात असं त्यांनी प्रथमच केलं, आणि गिऱ्हाइकानं त्यांच्याकडे वेड्यासारखं पाहिलं.

घरी जेवताना ते नंदाला म्हणाले, “तुझ्या दाजीच्या हातात जीव न्हाय.”

“म्हंजे?”

“म्हंजे न्हाय. वाळलाय हात.”

“तुम्हास्नी कसं कळलं?” नंदानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला ते उमगलं. “आवं, टॉवेलाखालचं बोलताय?”

“दुसऱ्यांदा बोलतोय,” सुखदेव भाकरीकडे बघत म्हणाले. “पयल्यांदा बोललो तवा फायदा झाला. आता नुसत्या शिव्या मिळतील. फोन लाव आक्काला.”

शालननं नवऱ्याला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टर तहसीन बागवान मूळच्या मंगळवेढ्याच्या, त्यामुळे आडवळणानं बोलायची त्यांना सवय नव्हती. सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांनी खुर्ची बिरुदेवांच्या समोर ओढली.

“काका, मेंदू हा मालक समजा आणि स्नायू हे बैल. मालकाचं म्हणणं बैलापर्यंत पोचवायला मधे एक पेशी असते. मोटर न्यूरॉन म्हणतात तिला. तुमच्या अंगातल्या त्या पेशी मरतायत.”

“म्हंजे दलालच मरतोय म्हणा.”

“तसंच.”

“मग बाजार कसा चालायचा?”

“नाही चालणार. हात, मग जीभ, मग गिळणं, शेवटी श्वास. तुमच्या वडलांनाही हेच झालं असणार.”

वडलांचं ‘अंग गेलं’ असं घरात म्हणायचे. बिरुदेवांनी मान हलवली. पण वडलांच्या वेळी नव्हती अशी एक गोष्ट आता होती, आणि ती डॉक्टरांनी सावकाश सांगितली.

मूळपेशी म्हणजे आपण काय व्हायचं ते अजून न ठरवलेली पेशी. गर्भात तिच्यापासूनच हाड होतं, कातडी होते, मेंदू होतो. मोठ्या माणसाच्या कातडीची पेशी घेऊन तिला योग्य सूचना दिल्या, तर तीही आपलं ठरलेलं विसरते आणि पुन्हा मूळपेशी होते. मग तिला न्यूरॉन व्हायला शिकवता येतं. हे शास्त्रज्ञांना फार आधी जमलं होतं. पुढची गोम अशी, की जुन्या पेशी ज्या विषारी शेजारात मेल्या, त्यात नव्याही मरायच्या. म्हणून आता आधी नुसत्या राखणदार पेशी मज्जारज्जूत सोडत. त्या शेजार स्वच्छ करत, खुरटलेल्या जुन्या पेशींना खाऊपिऊ घालत, आणि त्यांच्या मागून नवे न्यूरॉन येत.

“माझ्याच कातडीच्या करा की मग,” बिरुदेव म्हणाले.

“तुमच्या पेशींत तोच दोष आहे काका, जन्मापासूनचा. दुरुस्त करून वाढवीपर्यंत तुमच्याकडे वेळ नाही. दुसऱ्याच्या घ्याव्या लागतील. आणि शरीर परक्याला हाकलून देतं.”

इथं आपल्याकडची एक जुनी रीत कामाला आली. प्रत्येक पेशीवर ओळखीच्या खुणांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला, एक वडलांकडून. एखाद्याचे दोन्ही संच तंतोतंत एकच असले, तर तो संच ज्याच्या ज्याच्या अंगात आहे त्या सगळ्यांना त्याच्या पेशी चालतात. असा माणूस हजारोंत एखादा सापडतो, आणि सापडायची शक्यता कुठं जास्त? जिथं पिढ्यान्‌पिढ्या मामाची पोरगी करतात तिथं. आलदरांच्या घराण्यात आज्यानं केली, बापानं केली. त्यांच्या सोयरिकीची गाडी गल्लीबाहेर जातच नाही, अशी लग्नाकार्यात टिंगल व्हायची. काही वर्षांपूर्वी पेशीपेढीचं शिबिर तालुक्याला आलं, तेव्हा नमुना देणाऱ्याला कुकर मिळतो म्हणून सुखदेव रांगेत पहिले उभे राहिले. पुढं कळलं, की त्यांच्या पेशी अर्ध्या माणदेशाला चालतील. पेढीनं दात्याचं नाव गुप्त ठेवलं. दात्यानं मात्र स्वतःचा फ्लेक्स लावला.

त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाल्या, “तुम्हाला चपखल बसणारा एक वाण पेढीत आहे, तुमच्याच भागातला, नाव मात्र सांगता येत नाही,” तेव्हा शालन म्हणाली, “नका सांगू. कुकर किती लिटरचा मिळाला ते बी आम्हास्नी ठावं हाय.”

बिरुदेवांनी एकच शब्द उच्चारला. “न्हाय.”

माणसाचा हिशेब बघण्यासारखा असतो. चौदा वर्षं बिरुदेवांच्या जमेला एक गोष्ट पक्की होती: साडूनं आपला घात केला. घात झालेल्या माणसाला समाजात एक जागा असते, लग्नात लोक त्याला हळूच पुढं बसवतात. साडूच्या पेशी अंगात घेतल्या, की ती जागा गेली. शिवाय उरलेलं आयुष्य ज्याच्या उपकारावर काढायचं, तो माणूस सुखदेव. एका कपबशीचा उपकार दहा वर्षं पुरवणारा. आणि हातातलं दुखणंही त्यानंच फोडलं होतं, तेही टॉवेलाखालचं. बिरुदेव परत आले आणि खाटेवर पडले.

हिवाळा संपेतो उजवा हात पुरता गेला. जीभ जडावली. पाणी पिताना ठसका लागायला लागला. डॉक्टर फोनवर शालनला सांगत होत्या, की छातीची ताकद एका मर्यादेखाली गेली, की भूल देता येणार नाही; मग पेशी कुणाच्याही असोत, उपयोग नाही. ती मर्यादा आता फार लांब नव्हती. शालननं रडून पाहिलं, भांडून पाहिलं, जेवण बंद करून पाहिलं. बिरुदेव भिंतीकडे तोंड करायचे.

मग एका दुपारी सुखदेव नंदाला घेऊन दारात आले. चौदा वर्षांनी. खाटेशेजारची खुर्ची त्यांनी कुणी ‘बसा’ म्हणायच्या आत ओढली.

“फुकट देत न्हाय मी,” ते म्हणाले. “फुकट दिलं तर तू घेणार न्हाईस, आन्‌ मेलास तर लोक मला बोल लावतील. इकायला आलोय.”

“आवं, पेशी पेढीच्या झाल्या,” नंदा म्हणाली. “तुमच्या कुठं ऱ्हायल्या?”

“तू गप. मालक कोन, त्ये दलालाला शिकवू नगंस.”

सौदा खोटा होता, हे त्या खोलीतल्या चौघांनाही कळत होतं. सुखदेवांच्या होकाराची कुणाला गरज नव्हती. पण काही माणसांना दान पचत नाही, व्यवहार पचतो. आणि हे जर कुणाला पक्कं माहीत असेल, तर अशाच दुसऱ्या माणसाला.

बिरुदेवांचा डावा हात अजून थोडा चालत होता. सुखदेवांनी तो आपल्या हातात घेतला, खांद्यावरचा टॉवेल वर टाकला आणि मोठ्यानं म्हणाले, “शेकडा न्हाय, हजार न्हाय. आकडा वर्सांचा. बरा झाल्यावर बाजारात माझ्याम्होरं किती वर्सं हुबा ऱ्हाशील, त्ये बोल.”

आणि त्यांनी पंजा दोनदा आवळला. दहा.

टॉवेलाखाली बिरुदेवांचं बोट हललं. एक.

“लाज वाटू दे,” सुखदेव म्हणाले, आणि नऊवर आले.

दोन. मग आठ. शालन चहाचा कप हातात धरून उभी होती. टॉवेल थोडा हलायचा, थांबायचा, पुन्हा हलायचा. मरायला टेकलेला माणूस स्वतःच्या आयुष्याचा भाव पाडत होता, आणि ज्यानं जन्मात कुणाला पैची सूट दिली नाही तो मागं हटत नव्हता. पण घासाघिशीत एक मेख असते. पुढच्या वर्षांवर भांडायचं म्हणजे आधी ती वर्षं आहेत असं धरावं लागतं. तीनवर आले तेव्हा बिरुदेवांचे डोळे भिंतीवरून साडूकडे वळले होते. पाचवर आले तेव्हा त्यांना उठून बसायचं होतं. शालननं पाठीला उशी दिली. सुखदेव सातवर अडून बसले, ते हलेचनात. शेवटी दोन बोटं पाचांना येऊन मिळाली आणि टॉवेल उचलला गेला.

“म्हाग,” बिरुदेव जड जिभेनं म्हणाले. “लई म्हाग.”

चौदा वर्षांत साडूशी बोललेले ते पहिले शब्द. सुखदेवांनी शालनच्या हातातला चहा घेतला, निवलेला होता तरी प्यायले, आणि कुणी बघू नये म्हणून टॉवेलानं तोंड जरा जास्तच वेळ पुसलं.

पुण्यात दोन खेपांत पेशी सोडल्या, मानेच्या मज्जारज्जूत आणि त्याच्या वर मेंदूच्या देठाशी. हे काम केसाएवढ्या सुईनं एका यंत्राच्या हातानं केलं. मग वाट पाहणं. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, त्याला कितीही मोठ्या साहेबाची चिठ्ठी आणली तरी घाई होत नाही. त्यामुळे जे जवळ ते आधी: आधी घसा, जीभ, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी बोटं. सगळ्यांनाच हे दान पडत होतं असंही नाही. शेजारच्या खाटेवरचे बार्शीचे मास्तर उशिरा आले होते; ते वाचले नाहीत. बिरुदेवांनी त्या दिवशी जेवण परत पाठवलं.

जीभ सुटली तशी पहिल्यांदा वापरली ती सुखदेवांवर. फोन करून त्यांनी चौदा वर्षांचं साचलेलं सगळं बोलून घेतलं, मधे दोनदा दम लागला तेव्हा सुखदेव म्हणाले, “पानी पी, मग पुढचं बोल.” दुसऱ्या दिवशी सुखदेवांनी बाजारभर सांगितलं, “माझ्या पेशी बोलाय लागल्या!” त्यावर बिरुदेवांनी निरोप धाडला, “म्हणूनच मला आता खोटं बोलाय जमतंय.”

हाताची कथा लांबली. तंतू पंजापर्यंत पोचले, पण नव्या दलालांना जुनी गिऱ्हाइकं माहीत नव्हती. पहिलं बोट हलवायला जावं तर तिसरं हलायचं. पंजा मिटावा म्हटलं तर करंगळी एकटीच बाहेर राहायची. दवाखान्यानं सरावासाठी वायरींचा एक हातमोजा दिला होता. बिरुदेव त्याला ‘म्हशीची झूल’ म्हणायचे आणि बाजूला ठेवायचे. शेवटी शालन टॉवेल घेऊन समोर बसली.

“शिकवा मला,” ती म्हणाली. “मग मी तुम्हास्नी शिकवते.”

लग्नात हात धरला होता, त्यानंतर इतका वेळ धरायची ही पहिलीच खेप. सुरुवातीला दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं, आणि दाराची कडी घालावी का, असं शालनच्या मनात येऊन गेलं.

“तुम्ही सात म्हणताय, बोटं चार म्हणतायत. कुणाचं धरू?”

“बोटांचं धर. माझं तू कवा धरलंस?”

रोज सकाळी न्याहारीनंतर हे चालायचं. मग नुसते आकडे पुरेनात म्हणून खरे सौदे सुरू झाले. नंदाकडे किती दिवस राहायचं, शेळ्या किती ठेवायच्या, सून माहेरी गेली तर किती आठवडे. सगळं टॉवेलाखाली. बिरुदेवांची बोटं हळूहळू आपापली जागा ओळखू लागली, आणि त्यांच्या एक ध्यानात येऊ लागलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही: दिवसेंदिवस तेच हरत होते. शेळ्या तिनं म्हटल्या तेवढ्याच राहिल्या.

पेशी सोडल्यानंतरची तिसरी दिवाळी झाली, आणि एका रविवारी बिरुदेव लवटे बाजारात उभे राहिले. आटपाडीच्या मालकाची खिलार जोडी होती, आणि विजापूरकडच्या गिऱ्हाइकाच्या बाजूनं समोर सुखदेव. गर्दी अशी झाली, की पडद्यावरचे भाव बघायला कुणी उरलं नाही. टॉवेल पडला.

सुखदेवांनी आकडा दिला. बिरुदेवांनी आपला दिला. बोटं जागच्या जागी, एकही चुकलं नाही. सुखदेव घासत राहिले, बिरुदेव वाढवत राहिले. मग बघणाऱ्यांना दिसलं, की सुखदेवांच्या मानेची शीर फुगलीय आणि ते हात काढून घ्यायला बघतायत, पण हात निघत नाहीय. बिरुदेवांचा चेहरा मात्र देवदर्शनाला उभं राहावं तसा.

“सोड की,” सुखदेव दातांत म्हणाले.

“आकडा मान्य कर.”

“केला, केला! सोड!”

टॉवेल उचलला तेव्हा सुखदेव आपली बोटं झटकत गर्दीकडे वळले आणि ओरडले, “बघा रं! माझ्याच पेशींनी मला लुटलं!” जो हशा उठला, त्यानं जोडीतला एक बैल बिथरून खुंट्याभोवती फिरला. शालन मागं उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता; हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात जतचा एक मालक पुढं आला. माझंही खोंड ह्याच गिऱ्हाइकाला आताच विकून द्या म्हणाला. बिरुदेवांनी हात उघडून पाहिला. नवा हात होता, एका दमात दोन सौदे अजून पेलत नव्हते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. शालननं त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला.

“बाईमाणूस?” एक जुने दलाल पुढं सरले. “ही रीत न्हाय वैनी.”

“रीत तर ह्या पाव्हण्यांनी दोनदा मोडली, अण्णा,” शालन म्हणाली. “एकदा मोडली तवा आमचं नुकसान झालं, दुसऱ्यांदा मोडली तवा हे वाचले. माझ्या हातानं काय व्हतंय, त्ये बी बघा की.” मग सुखदेवांकडे वळून, “या पाव्हणं. हात द्या.”

सुखदेवांनी नंदाकडे पाहिलं. “द्या की,” नंदा लांबूनच म्हणाली. “आक्का, सोडू नगंस.”

टॉवेल पडला. शालन खोंडाच्या शिंगांकडे बघत उभी होती, जशी काही हात दुसऱ्याच कुणाचा आहे. सुखदेव आधी हसत होते. मग हसायचे थांबले. मग त्यांनी कपाळ पुसलं, एकदा विजापूरच्या गिऱ्हाइकाकडे पाहून खांदे उडवले, आणि शेवटी नुसती मान डोलावली.

जतच्या मालकाला आकडा कानात सांगितला, तेव्हा त्यानं तो पुन्हा विचारून घेतला.

“बिरुदेवाला माझ्या पेशी दिल्या,” सुखदेव बोटं चोळत म्हणाले, “म्हणून त्यानं लुटलं, त्ये कळतंय. पण आक्का, ह्या कुणाच्या?”

“ह्या माझ्या सोताच्या,” शालन म्हणाली, आणि पुढच्या खोंडाकडे वळली.